मधल्या वाटेवरचा विसावा

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५

सहाव्या अध्यायात आपण आज एका वळणावर आलोय. ध्यान कसं करावं, आसन कसं असावं, आहार-झोप किती असावी, हे सगळं भगवंतांनी सांगून झालं. अर्जुनानं आधी एक तक्रार केली, की हे मन वाऱ्यासारखं आहे, धरता येत नाही. त्यावर उत्तर मिळालं : अभ्यास आणि वैराग्य. आपल्यापैकी बरेच जण तिथेच थांबतात. वहीत लिहून ठेवतात, स्टेटसला टाकतात.

अर्जुन मात्र थांबत नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो, आणि मला तर वाटतं हा प्रश्न त्यानं आपल्यासाठीच विचारलाय. तो म्हणतो, देवा, एखाद्याची श्रद्धा आहे, पण प्रयत्न कमी पडले. मन मध्येच घसरलं. सिद्धी मिळाली नाही. अशा माणसाचं काय होतं? इकडचं सुटलं, तिकडचं मिळालं नाही. फाटलेल्या ढगासारखा तो मध्येच विरून जातो का?

माउलींनी ज्ञानेश्वरीत हा प्रश्न प्रवासाच्या भाषेत मांडलाय. इंद्रियांचं गाव सोडून एक माणूस निघाला. श्रद्धेच्या वाटेला लागला. आत्मसिद्धीचं नगर पुढे आहे. पण ते येत नाही, मागेही फिरता येत नाही, आणि मधेच आयुष्याचा सूर्य मावळतो. आणखी एक दृष्टांत देतात : अवेळी आलेलं पातळसं आभाळ, जे धड टिकत नाही आणि धड बरसतही नाही.

नीट बघा, अर्जुन ढोंग्याबद्दल विचारत नाहीये. कधी निघालाच नाही अशा माणसाबद्दलही नाही. जो मनापासून निघाला आणि मधल्या वाटेवर सापडला, त्याच्याबद्दल विचारतोय.

ही मधली वाट म्हणजे काय, हे समजायला आजच्या काळातलं एक उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. एकाच शहरातले दोन विमानतळ.

आपल्याकडे हे नवीन आहे. मुंबईत पूर्वी गोंधळ व्हायचा तो सांताक्रूझ आणि सहारचा, पण ती एकाच विमानतळाची दोन टर्मिनल. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आणि मुंबईला खरोखरचे दोन विमानतळ झाले. तिकिटावर एकाचा कोड बीओएम, दुसऱ्याचा एनएमआय. मध्ये रस्त्यानं पस्तीस-चाळीस किलोमीटर, वाशीची खाडी, आणि मुंबईचं ट्रॅफिक. गोव्यात हे आधीच झालंय : वास्कोजवळ दाबोळी, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तिकडे पेडण्याच्या बाजूला मोपा. बाहेर गेलेल्या आपल्या मंडळींना तर हे पाठच असेल. लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, मध्ये साठ-सत्तर किलोमीटर. टोकियोला नारिता आणि हानेदा. न्यूयॉर्कला जेएफके आणि नेवार्क.

एकाच विमानतळावर विमान बदलायचं असेल तर आपण प्रवासीच राहतो. बाणांच्या पाट्या असतात, बसायला खुर्ची असते, पुढच्या गेटचा नंबर स्क्रीनवर असतो. विमानतळच बदलायचा असेल तर तसं नाही. तुम्हाला पूर्ण बाहेर पडावं लागतं. बॅग पट्ट्यावरून उचलायची, ट्रॉली ढकलत रस्त्यावर यायचं, गाडी शोधायची. परदेशात असाल तर इमिग्रेशनमधून त्या देशात शिरावं लागतं, त्यामुळे व्हिसाचा नियम आधी बघावा लागतो. पहिल्या विमानतळाच्या लेखी तुम्ही पोचलात, विषय संपला. दुसऱ्याच्या लेखी तुम्ही अजून आलेलाच नाही. मधले दोन-तीन तास तुम्ही कुणाचेच प्रवासी नसता.

त्यात आणखी एक बारीक गोष्ट. दोन्ही विमानं एका पीएनआरवर असतील आणि पहिल्याला उशीर झाला, तर पुढची सोय बघणं ही सहसा विमान कंपनीची जबाबदारी. पण स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर दुसरी कंपनी सरळ म्हणते, तुम्ही आला नाहीत, आम्ही काय करणार? तिला पहिलं विमान माहीतच नसतं.

आता हे मला इतकं तपशिलात का माहीत, ते सांगतो. गेल्या महिन्यात माझी पुतणी बंगळूरहून जर्मनीला शिकायला गेली. बंगळूर ते नवी मुंबई एक तिकीट, सहारहून पुढचं दुसरं. मी खारघरला राहतो. मध्ये पाच-सहा तास होते. ठरलं असं, की तिनं माझ्याकडे यावं, जेवावं, आणि मग मी तिला सहारला सोडावं.

ती मूळची आमच्या राहूची. राहू म्हणजे दौंड तालुक्यातलं, मुळा-मुठा आणि भीमेच्या बेचक्यातलं गाव. आसपासच्या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. ऊस, गुऱ्हाळं, आणि हंगामात गावभर गुळाचा वास. तिचे वडील, म्हणजे माझे चुलतभाऊ, दीड वर्षापूर्वी अचानक गेले. वर्षश्राद्धानंतर ती गावी आलीच नव्हती. फोनवर बोलायची, पैसे पाठवायची, पण घरात पाऊल ठेवायचं म्हटलं की काहीतरी कारण निघायचं. वहिनींनी कधी तगादा लावला नाही. मुंबईत मध्ये पाच तास आहेत हे कळल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "ती घरी येत नसंल तर आपण वाटंत जाऊ." आणि पुतण्याला घेऊन, गाडी करून, सकाळीच राहूहून निघाल्या.

पहिलं विमान अडीच तास उशिरा आलं. पाच तासांचे अडीच झाले. घरी जेवायचा बेत तिथेच संपला. आम्ही सगळे नवी मुंबईच्या विमानतळाबाहेर उभे. वहिनी त्या मोठ्या छपराकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, हितं आधी काय होतं?" मी सांगितलं, दहा गावं होती, ती उठवली. डोंगर होता, तो कापला. उलवे नदी होती, तिचा प्रवाह वळवला. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग त्यांचं देव कुठं गेलं?" मी म्हटलं, "माणसं गेली तिथं गेले असतील, वहिनी." त्यांनी मान हलवली.

पोरगी बाहेर आली, दोन मोठ्या बॅगा घेऊन. रडायला वेळच नव्हता. बॅगा डिकीत, आणि आम्ही निघालो. म्हणजे मायलेकींची भेट जी काय झाली ती गाडीतच, सायन-पनवेल महामार्गावर. वाशीचा पूल ओलांडला आणि मानखुर्दला गाड्या जागच्या जागी थांबल्या. साडेसात वाजून गेले होते. विमान अकरा वीसचं, काउंटर साधारण तासभर आधी बंद होणार. वहिनींनी फडकं सोडलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. "खा, रस्ता काय खाण्यानं वाढत न्हाई." त्या ट्रॅफिकमध्ये आम्ही चौघं जेवलो.

पोरीचं लक्ष मोबाइलच्या नकाशाकडे. लाल रेघ. एकदम म्हणाली, "काका, चुकलं तर कुणी काही करणार नाही. दोन वेगळी तिकिटं आहेत." मी म्हटलं, बघू. थोड्या वेळानं तीच म्हणाली, पण आवाज बदललेला होता :

"काका, बाबांचं वाचन अर्धंच राहिलं ना. त्याचं काय होतं?"

भाऊ रोज पहाटे ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या वाचायचे. सात दिवसांचं पारायण नव्हे. पाच ओव्या, अर्थासकट, मग चहा, मग शेत. अकराव्या अध्यायापर्यंत आले होते. लहानपणी ही शेजारी बसून ऐकायची. नंतर पुण्याला शिकायला गेली, मग बंगळूर, आणि ते सुटलं. गावी न येण्याचं खरं कारण मला त्या क्षणी कळलं. देवघरात ती पोथी होती, आणि तिच्यात अर्ध्यावर खूण होती.

मित्रांनो, अर्जुनाचा प्रश्न तो हाच. फक्त साधना सुटलेल्या माणसाचा नाही, मधल्या वाटेवर आयुष्य संपलेल्याचाही. हा प्रश्न कधी ना कधी आपल्या घरात येतो. आजी जपाची माळ अर्ध्यावर ठेवून जाते. बाबांची वारी एका वर्षी होत नाही आणि मग कधीच होत नाही. आपण स्वतः मोठ्या हौसेनं संकल्प करतो, चाळीस दिवस, आणि सतराव्या दिवशी ऑफिसचं रिलीज येतं. मग आपण म्हणतो, गेलं सगळं. ना धड संसारी, ना धड साधक. फाटका ढग.

भगवंत काय म्हणतात ते आता बघू. गीतेत ते अर्जुनाला पार्थ म्हणतात, कौंतेय म्हणतात, महाबाहो म्हणतात. या उत्तरात ते त्याला 'तात' म्हणतात. घाबरलेल्या लेकराला जवळ घेऊन मारावी तशी ती हाक आहे. माहिती देण्याआधी ते त्याची भीती घालवतात. आणि मग सांगतात : बाबा रे, अशा माणसाचा नाश इथेही नाही आणि परलोकातही नाही. ज्यानं चांगलं करायला घेतलं, त्याची वाईट गती होत नाही.

यावर माउलींनी केलेला विस्तार मला सगळ्यात धीर देतो. ते म्हणतात, ज्याला मोक्षसुखाची आस लागली त्याला दुसरी गती असणारच कुठून? फार तर एवढंच होतं, की मध्ये जरा विसावावं लागतं. आणि तो विसावाही असा, की देवांनासुद्धा तसं सुख नाही.

विसावा! हा शब्द आपल्या भागात राहणाऱ्याला समजवायला लागत नाही. तुकोबांची पालखी आमच्या दौंड तालुक्यातून जाते. लोणी काळभोरचा मुक्काम झाला की यवत, मग वरवंड. यवतला गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात, आणि आमच्या बेटातले लोक दर्शनाला तिथे जातात. मुक्कामांच्या मध्ये पालखी ठिकठिकाणी टेकते, त्याला विसावा म्हणतात. झाडाखाली दिंडी बसली, कुणी पाय चेपतोय, कुणी डोळा लागून पडलाय. त्यांना विचारा, वारी मोडली का? हसतील तुम्हाला. देहू मागे पडली, पंढरी अजून लांब आहे, आणि तरी तो माणूस वारीतच आहे. तो झोपलेला असला तरी वारकरीच आहे.

आमच्या नदीचंही तसंच. पुण्यात मुळा आणि मुठा एकत्र होतात, राहू बेटाला वळसा घालून भीमेला मिळतात. ते पाणी पुढे उजनीच्या धरणात अडतं. महिनोन् महिने थांबतं. मग उजनीतून सोडलं की पंढरपूरला जातं, आणि तिथे त्यालाच आपण चंद्रभागा म्हणून डोक्याला लावतो. उजनीत थांबलं म्हणून ते पंढरीच्या वाटेवरून उतरलं असं कुणी म्हणत नाही.

तर पहिली गोष्ट ही : मधली जागा प्रवासाच्या बाहेर नाही. दोन विमानतळांच्या नोंदीत ती नसेल. भगवंतांच्या नोंदीत आहे.

दुसरी गोष्ट तिकिटाची. आपल्याला वाटतं हा जन्म एक तिकीट, पुढचा दुसरं. किंवा बाबांची साधना वेगळी, माझी वेगळी. किंवा कॉलेजात असताना करत होतो तो मी वेगळा, आताचा वेगळा. म्हणून भीती वाटते की मागचं विमान चुकलं तर पुढचा आपल्याला ओळखणार नाही. भगवंत म्हणतात, ओळखेल. हा माणूस पुढे शुद्ध आचरणाच्या, सुस्थितीतल्या घरात जन्मतो, किंवा त्याहून दुर्मिळ म्हणजे योग्यांच्याच कुळात. आणि तिथे त्याला आधीच्या देहातली बुद्धी पुन्हा मिळते. मागचा हिशोब पुढे लागतो. दोन जन्म, दोन देह, पण तिकीट एक आणि जबाबदारी घेणाराही एकच.

तिसरी गोष्ट सामानाची, आणि इथे मात्र माझं विमानतळाचं उदाहरण अपुरं पडतं. विमानतळ बदलताना बॅग आपल्याला ओढावी लागते. मागे राहिली तर राहिली. अभ्यासाचं उलटं आहे. भगवंत म्हणतात, पूर्वीचा अभ्यास त्या माणसालाच ओढून नेतो, त्याच्या इच्छेची वाट न बघता. म्हणजे रोज पाच ओव्यांची जी सवय तुम्हाला ओझं वाटली, तीच एके दिवशी तुमचा हात धरते. तुम्ही तिला विसरला असलात तरी.

कुणी म्हणेल, मग बरंच आहे की! सुटली तर सुटली साधना, देव आहेच बघायला. तर पुढचं वाचा. बुद्धी पुन्हा मिळाल्यावर तो माणूस तिथून पुढे पुन्हा प्रयत्न करतो, असं भगवंत लगेच सांगतात. बसून राहतो असं म्हणत नाहीत. पालखीचा विसावाही तास-दोन तासांचा. चोपदार उठला की दिंडी उठते. जो झाडाखालीच राहिला त्याला कुणी शिक्षा करत नाही, पण पालखी पुढे गेलेली असते आणि त्याला मग धावावं लागतं. विसावा आणि बसकण यात फरक एवढाच, की विसाव्याला बसलेल्याचं तोंड पंढरीकडे असतं.

आणि आणखी एक गैरसमज नको. विमान चुकणार नाही असं आश्वासन गीता देत नाही. माणसं मध्येच जातात. भाऊ गेलेच. अकरावा अध्याय त्यांच्या आवाजात पुरा झाला नाही, आणि त्याचं दुःख होणारच. ते दुःख चुकीचं आहे असं कुणालाही सांगू नका. भगवंत म्हणतात ते इतकंच, की राहिलं म्हणजे वाया गेलं असं नाही.

मी गाडीत पोरीला हे सगळं काही सांगितलं नाही. मानखुर्दच्या सिग्नलला प्रवचन कोण ऐकणार? मी एवढंच म्हटलं, "माउली म्हणतात, मध्ये विसावावं लागतं इतकंच. राहिलं असं होत नाही."

ती काही बोलली नाही. वहिनी बोलल्या. त्यांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक फडक्यात बांधलेली पोथी काढली. "खूण तशीच हाय. मी काढली न्हाई." लाल दोरा होता, भाऊंनी घातलेला. "वाचायचं का न्हाई ते तू बघ. पण पहिल्यापासनं काढू नको. दोऱ्यापासनं वाच."

मी इतकी वर्षं सहावा अध्याय वाचतोय. आधीच्या देहातली बुद्धी पुन्हा मिळते आणि तिथून पुढे तो यत्न करतो, या श्लोकाचा इतका सरळ अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. दोऱ्यापासून वाच. मागचं पुसू नको, मागचं पुन्हा करत बसू नको, थांबलं तिथून धर.

योग्यांच्या कुळात जन्म मिळणं दुर्मिळ, असं भगवंत म्हणतात. हे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर हिमालयातला कुठला तरी आश्रम येतो. मला आता राहूचं ते दोन खोल्यांचं घर दिसतं, जिथे पहाटे पाच ओव्या व्हायच्या आणि एक लहान मुलगी पेंगत ऐकायची. तुमच्यापैकी किती जणांचं घर असं होतं, आठवून बघा. काकड आरतीला उठवणारी आजी, हरिपाठ पाठ करून घेणारे आजोबा, एकादशीला साबुदाणा भिजत घालणारी आई. तो दुर्मिळ जन्म तुम्हाला मिळून गेलाय. बंगळूरच्या फ्लॅटमध्ये किंवा म्युनिकच्या होस्टेलवर तो संपत नाही.

सव्वानऊला आम्ही सहारला पोचलो. बॅगा काढताना आणखी एक घोळ. वहिनींनी तूप आणि पेढे आणले होते. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यामुळे ते दोन्ही डबे मागे ठेवावे लागले. गुळाची ढेप मात्र गेली. पोथी तिनं मोठ्या बॅगेत ठेवली नाही, खांद्यावरच्या पिशवीत घातली. दारावर जवानानं तिकीट-पासपोर्ट बघितला आणि ती आत गेली. आम्हाला आत जाता येत नव्हतं. काचेतून तिचा हात दिसला, मग गर्दी.

परत येताना वहिनी म्हणाल्या, "इमान वेळंत आलं असतं तर जेवून झोपली असती तुमच्याकडं. गाडीत बोलली तरी." त्यांना उशिराचा राग नव्हता. माउली म्हणतात तो मधला सुखाचा विसावा कसा असतो, याची कल्पना मला तेव्हा आली. ट्रॅफिकमध्ये, घड्याळाकडे बघत, हातावर भाकरी घेऊन बसलेली माणसं, आणि खूप दिवसांनी शेजारी बसलेली मायलेक.

ती तिकडे पोथी उघडते की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही, तुम्हीही कुणाला विचारू नका. कुणाच्या घरी, मित्रांमध्ये असं कुणी असेल, की पूर्वी करायचा आणि आता करत नाही, त्याला 'सोडलंस ना शेवटी' असं म्हणू नका. भगवंतांनी अर्जुनाला ज्या सुरात उत्तर दिलं तो सूर आठवा. आधी तात म्हणा, बाकीचं नंतर.

आता आजचा अभ्यास, नेहमीसारखा छोटा.

तुमचं अर्ध्यावर राहिलेलं एक काहीतरी शोधा. वाचन असेल, जप असेल, आईबरोबर सुरू केलेला हरिपाठ असेल. किंवा घरातल्या गेलेल्या माणसाचं राहिलेलं असेल. नवा संकल्प करू नका. पहिल्या पानापासून सुरू करू नका. खूण शोधा, आणि तिच्यापुढची एकच ओवी, एकच श्लोक, एकच माळ करा. खूण एका ओवीनं पुढे सरकवा आणि पुस्तक मिटा. उद्या तिथून.

आणि प्रवासात असाल, कुठल्याही दोन ठिकाणांच्या मध्ये अडकला असाल, कॅबमध्ये, लोकलमध्ये, लेओव्हरला, दोन नोकऱ्यांच्या मध्ये, दोन शहरांच्या मध्ये, तर त्या वेळाला 'वाया गेला' म्हणायच्या आधी एकदा नाम घ्या. तो वेळ कुणाच्याच नोंदीत नाही असं वाटत असेल, तर तो निदान एवढ्या एका नोंदीत जाईल.

उद्या श्लोक ४६ आणि ४७, आणि सहावा अध्याय पूर्ण.

राम कृष्ण हरी.